आचारसंहितेतली होडी

सावरवाडीच्या अनंत पायगुड्यांकडे शिडाची होडी आहे, हे कळलं की कामशेतच्या बाजारातली माणसं अजूनही आधी त्यांच्याकडे बघतात आणि मग एकमेकांकडे. माणूस रेल्वेतून रिटायर झालेला, डोक्याला टोपी, अंगात पायजमा-सदरा. दारापुढं भाताची खाचरं, गोठ्यात एक गाय, आणि गोठ्याला लागून दोन चाकांच्या ट्रेलरवर पांढरीशुभ्र होडी. हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या. पवनेच्या धरणाचं पाणी गावाच्या पायाशी आहे, घराची उतरण संपली की लागतंच. पाण्याकाठच्या माणसानं होडी ठेवली तर त्यात एवढे डोळे मोठे करण्यासारखं काय आहे? पण गाव म्हटलं की डोळे मोठे व्हायचेच.

ती आली कशी ते सांगतो. धवल नावाचा पुण्याचा एक कंपनीतला पोरगा दर शनिवारी ही होडी गाडीमागं बांधून आणायचा, पाण्यात सोडायचा आणि संध्याकाळी ओढून परत न्यायचा. अनंतराव काठावर बसून बघायचे. नवे नवे रिटायर झालेले, घरात वेळ खायला उठायचा. एकदा धवल म्हणाला, "काका, या की." काका गेले, आणि गेले ते गेलेच. वारा कुठून येतो ते गालावर कसं ओळखायचं, शीड कधी ताणायचं, कधी सैल सोडायचं, सुकाणू कुणीकडं दाबायचं, सगळं शिकले. पुढं धवलला परदेशात नोकरी लागली. जाताना त्यानं ट्रेलरचा दांडा काकांच्या हातात दिला आणि म्हणाला, "विकली तर कुणीतरी हॉटेलवाला हिच्यात फुलझाडं लावेल. तुम्हीच ठेवा." गावातल्या दत्तोबाच्या भाड्याच्या जीपमागं बांधून होडी गावात आली, तेव्हा रस्त्यातल्या लोकांना वाटलं, कुणा पुढाऱ्याच्या लग्नाची सजावट चालली आहे.

आता अनंतरावांना तिचं एवढं वेड का? तर त्यांची नोकरी बघा. जन्मभर मालगाडीचे गार्ड. इंजिन पुढं कुठंतरी, आणि हे अगदी शेवटच्या डब्यात, एकटे. लोणावळ्याहून घाट उतरायचा, पुन्हा चढायचा. गाडी किती पळणार, कुठं तासन्‌तास उभी राहणार, यांना कुणी विचारायचं नाही. हिरवा झेंडा दाखवायचा आणि मागं मागं ओढलं जायचं. पुढचं काही त्यांनी नोकरीभर बघितलंच नाही. होडीचं सुकाणू पहिल्यांदा हातात आलं आणि आपण दाबू तिकडं ती वळली, तेव्हा त्यांना चक्क रडू आलं होतं. कुणाला सांगितलं नाही, पण आलं होतं.

आणि एवढं सुख हातात असून त्यात एक खडा होता. बायको उज्ज्वला होडीत बसत नव्हती. दसऱ्याला होडीला झेंडूचा हार घालायची, ट्रेलरच्या चाकाखाली लिंबू ठेवायची, डोलकाठीला हळदकुंकू लावायची; पण बस म्हटलं की पदर खोचून उभी.

"हिला ब्रेक कुटाय?"

"अगं, होडीला ब्रेक नसतो."

"मग त्यात मी बी नसते."

झालं, मिटला विषय. अनंतराव आठ दिवस तोंड पाडून बसायचे, मग पुन्हा विचारायचे. त्यांचं म्हणणं साधं होतं. लग्न झाल्यापासून हा माणूस दिवाळीला घाटात, गौरीला घाटात, पोरीच्या बारशालाही घाटातच. बायकोला घेऊन कुठं म्हणून जाणं झालं नाही. आता जन्मात पहिल्यांदा गाडी आपल्या हातात आली, तर तिला एकदा तरी त्यात बसवून न्यावं. बाकी त्यांना ना शर्यत मारायची होती, ना फोटो काढायचे होते. तिला न्यायचं होतं, बस.

तर यंदा भात झोडून झालं, आणि कणगी भरता भरता उज्ज्वला आपण होऊन म्हणाली, "येत्या ऐतवारी बसंन. एकदाच. आन् मदी न्यायचं न्हाई, कडंकडंनं." अनंतरावांच्या हातातलं सूप खाली पडलं. दुसऱ्या दिवसापासून गडी लागला कामाला. होडी घासली, शिडाचा उसवलेला कोपरा टाचून घेतला, बायकोला बसायला म्हणून गोधडीची उशी शिवून घेतली. पोरीच्या लग्नात एवढी धावपळ केली नव्हती.

आणि शुक्रवारी निवडणुकीची चिन्हं वाटली.

सरपंचपदाला तिघं उभे होते. एक शालूबाई, म्हणजे अनंतरावांची सख्खी थोरली बहीण, गावातच दिलेली. दुसरा हौशीराम, वीटभट्टीवाला. तिसरा बजरंग, तो प्रत्येक निवडणुकीला उभा राहतो आणि त्याला त्याचं स्वतःचं मत मिळतं. शालूबाईला कपबशी मिळाली, बजरंगला शिट्टी, आणि हौशीरामाला, देवा रे देवा, होडी.

संध्याकाळी शालूबाई दारात. पायातली चप्पल काढायच्या आधीच सुरुवात.

"अनंता, हौशीरामाचा प्रचार तुज्या दारात उभा हाय!"

"आक्का, ती माझी होडी आहे. तिला काय म्हाईत चिन्ह कुणाला दिलं ते?"

"तिला न्हाई, पर गावाला तर म्हाईत हाय न्हवं? सख्खा भाऊ दारात होडी लावून बसलाय. लोक काय समजतील?"

आणि उज्ज्वला, जी दोन दिवसांनी होडीत बसणार होती, ती चहा ठेवता ठेवता आतूनच म्हणाली, "खरं हाय आक्का तुमचं. आवो, ऐतवारचं र‍हाऊ द्या आता. मी होडीत दिसले तर लोक म्हनतील, भावजय फुटली. निवडनूक झाली की बघू." अनंतरावांनी नोकरीत लय सिग्नल बघितले, पण या 'बघू'एवढा लाल सिग्नल त्यांनी कधी बघितला नव्हता. ते गोठ्याकडं जाऊन गाईशेजारी उभे राहिले.

शालूबाई तेवढ्यावर गप्प बसणारी नव्हे. तिनं तक्रार दिली. सोमवारी तालुक्याहून निवडणुकीचं पथक आलं. पुढं गळ्यात ओळखपत्र घातलेले साहेब, मागं कॅमेरावाला, त्याच्यामागं पोलीस.

साहेबांनी होडीभोवती फेरी मारली. "काका, हे एका उमेदवाराचं चिन्ह आहे. सार्वजनिक रस्त्यावरून दिसतंय. झाका."

"साहेब, निवडणुकीच्या आधीपासून आहे ही."

"तेव्हा ती होडी होती. आता चिन्ह आहे."

झाकली. निळी ताडपत्री आणली, डोलकाठी उतरवली, दोरानं आवळून बांधली. आणि झालं भलतंच. उघडी होती तोवर कुणी तिच्याकडं ढुंकून बघत नव्हतं. झाकल्यावर अख्खा गाव बघायला लोटला. शाळेतली पोरं ताडपत्रीचं टोक उचलून आत डोकावायची. हौशीरामाची माणसं तर येता-जाता पाया पडायला लागली. एका सकाळी ताडपत्रीवर हार, पुढं नारळ आणि उदबत्ती. उज्ज्वलेनं उदबत्ती विझवली, नारळाची मात्र चटणी केली.

मग हौशीरामानंही तक्रार ठोकली. म्हणे, फाट्यावरच्या हॉटेलात उघड उघड कपबशीचा प्रचार चालतो. साहेब पुन्हा आले. हॉटेलवाल्या विकासला दम दिला, आणि त्या दिवसापासून सावरवाडीत चहा स्टीलच्या पेल्यात. हा विकास शालूबाईचाच मुलगा. माणसं पेला धोतराच्या सोग्यात धरून फुंकर मारत चहा प्यायची आणि साहेबाच्या आईबापाच्या नावानं शिव्या द्यायची. आता बजरंग कशाला मागं राहतोय! त्यानं लिहून दिलं की माझ्या चिन्हाची कुणी दखलच घेत नाही. साहेब चक्रावले. शेवटी शाळेच्या पीटीच्या सरांना आणि बंदोबस्ताच्या हवालदारालाही शिट्टी वाजवायची बंदी झाली. पीटीचे सर टाळ्या वाजवून कवायत घ्यायला लागले.

होडीचं भांडण काही मिटेना. ताडपत्रीचा आकार होडीसारखा दिसतो, अशी शालूबाईची नवी तक्रार गेली. आता होडीवरच्या ताडपत्रीचा आकार काय बैलगाडीसारखा दिसणार? साहेबांनी कपाळाला हात लावला आणि शेवटचा हुकूम सोडला: मतदान संपेपर्यंत होडी गावाच्या हद्दीबाहेर, पाण्याच्या पलीकडच्या काठाला, पाणजाईच्या देवळाखाली न्यायची, आणि मालकानं तिथं राखण करायची. तिचा कुणी काही वापर केला तर जबाबदार तुम्ही.

म्हणजे रोज सकाळी भाकरी बांधून अनंतराव जीपनं पलीकडं जायचे, आणि दिवसभर झाकलेल्या होडीशेजारी बसायचे. वारा सुटायचा, पाणी हलायचं, आणि हे हात चोळत बसलेले. कुणाची निवडणूक आणि कुणाला शिक्षा! त्यांच्या मनात एकच यायचं. एकदाचं हे संपू दे, आणि आक्का निवडून येऊ दे. आक्का पडली तर उज्ज्वला त्या होडीकडं मरेपर्यंत बघणार नाही, हे त्यांना दिसत होतं. म्हणून आपलं मत त्यांनी पहिल्या दिवशीच ठरवून टाकलं होतं. कपबशी. रक्ताची बहीण ती, आणि वर हा स्वार्थ.

मतदानाच्या दिवशी दुपारी दत्तोबाच्या जीपमधून शालूबाई आणि उज्ज्वला पलीकडं उतरल्या. पायगुड्यांच्या घरात कुठलंही मोठं काम पाणजाईचा कौल घेतल्याशिवाय करत नाहीत. देवीच्या दोन्ही खांद्यांना ओली फुलं चिकटवायची. उजवं आधी पडलं तर होकार, डावं पडलं तर नकार. कौल मिळाल्याखेरीज शालूबाई मत टाकणार नव्हती, आणि ती टाकत नाही म्हणून उज्ज्वलाही थांबली होती. अनंतरावांचंही मत राहिलंच होतं. तिघांनी कौल घ्यायचा, मग दत्तोबा जीप घेऊन येईल, त्यातून शाळेत मतदानाला जायचं, असा बेत. दत्तोबा म्हणाला, "मी तवर माजं मत टाकून येतो," आणि गेला.

पुजारीण भागूबाईनं फुलं लावली आणि सगळे हात जोडून बसले. फूल काही पडेना. उजवंही नाही, डावंही नाही. शालूबाईनं गाऱ्हाणं घातलं, नवस बोलली, मग आवाज चढवला. फूल ढिम्म. ऊन कलायला लागलं. भागूबाई अर्धी डुलकी काढून उठली आणि म्हणाली, "आईला बी आवगड पडलंय बया. निवडनुकीला तुमी तिगं बी उभं र‍हाता, तिनं काय करावं?" शेवटी वाऱ्याची एक झुळूक आत आली आणि दोन्ही फुलं एकदमच खाली पडली.

"उजवं आदी पडलं," शालूबाई म्हणाली.

"व्हय व्हय, उजवंच," उज्ज्वला म्हणाली. भागूबाईनं अंगारा दिला.

तेवढ्यात अनंतरावांचा फोन वाजला. पलीकडून दत्तोबा ओरडत होता. येताना जीप पथकानं अडवली होती. म्हणे, वाड्यावस्त्यांवरून मतदार आणायला निघालास काय? चावी काढून घेतलेली. रस्त्यानं चालत जायचं तर धरणाला वळसा, अंधार पडला असता. शाळेचं दार साडेपाचला बंद.

शालूबाईच्या तोंडचं पाणी पळालं. समोर शाळा दिसत होती, मधे नुसतं पाणी, आणि काठाला ताडपत्रीखाली होडी.

"न्हाई," शालूबाई म्हणाली. "मेले तरी न्हाई. कपबशीची उमेदवार होडीतनं मत टाकायला गेली तर हौशीराम गुलाल आजच उधळंल."

"आन् तुमचंच मत तुमाला पडलं न्हाई तर?" उज्ज्वला म्हणाली. आणि तिनं काय करावं? चपला काढल्या, लुगडं गुडघ्यापर्यंत ओढलं, ताडपत्री भिरकावली आणि होडीत जाऊन बसली. डोळे गच्च मिटलेले, दोन्ही हातांनी कड धरलेली. "या आक्का. आवो, काय बघत बसलाय? सोडा!"

अनंतराव बघतच बसले होते. ज्या क्षणासाठी त्यांनी गोधडीची उशी शिवून घेतली होती तो क्षण आला, आणि उशी घरी! बायको पाणजाईचा धावा करतेय आणि बहीण त्यांच्या सुकाणूवर बसलेली. त्यांनी शालूबाईला उठवून मधे बसवलं, डोलकाठी उभी केली, शीड ओढलं आणि होडी लोटली.

आता वारा नेमका शाळेकडून येत होता. वाऱ्याच्या तोंडावर शिडाची होडी सरळ जात नाही. तिरपं उजवीकडं जायचं, मग वळून तिरपं डावीकडं, असं नागमोडी पुढं सरकायचं. हे शालूबाईला कुठलं माहीत! होडी शाळा सोडून तिकोना किल्ल्याच्या दिशेनं निघाल्यावर ती तडकन उठली.

"अनंत्या! शाळा तिकडं हाय!"

"आक्का, बस खाली. असंच जावं लागतं."

"असंच? हौशीरामानं काय चारलं तुला? मला पान्यातच ठिवायला सांगितलं व्हय रं?"

"आक्का, डोकं खाली!" शीड वळलं, त्याची आडवी काठी सर्रकन शालूबाईच्या अंबाड्यावरून गेली. होडी दुसऱ्या बाजूला कलली आणि आता भलतीकडच्या डोंगराकडं निघाली. शालूबाईनं कपाळ बडवलं. सख्खा भाऊ, एका आईचं दूध प्यालेला, असा दगा देतो, असं ती पाण्याला, डोंगराला आणि पाणजाईला ओरडून सांगत होती.

तिसऱ्या वळणाला उज्ज्वलेनं एक डोळा उघडला. चौथ्याला दुसरा. होडी कलली होती, पाणी कडेशी चळचळ वाजत होतं, पण कुणी बुडत नव्हतं. तिनं बघितलं तर नवरा मागं बसला होता, एक हात सुकाणूवर, दुसऱ्यात दोर, आणि तो पुढं बघत होता. हा माणूस तिनं कधी पाहिलाच नव्हता. तिनं पाहिलेला नवरा डबा घेऊन दारातून निघणारा आणि पेंगत परत येणारा.

"ह्यो दोर धरू का?" तिनं विचारलं.

"धर. मी सांगितलं की सोड, मग त्या अंगाचा ओढ."

पुढच्या वळणाला "डोकं खाली!" ही आरोळी उज्ज्वलेनंच दिली, आणि नणंदेचं डोकं हातानं दाबलं. मग ती हसायला लागली. आधी तोंडातल्या तोंडात, मग खदाखदा. शालूबाई रडतेय आणि भावजय हसतेय, आणि अनंतरावांना तर त्या क्षणी कुणी सरपंच झालं काय, आमदार झालं काय, कशाचीच फिकीर उरली नव्हती. इतका आनंद त्यांना उभ्या जन्मात झाला नव्हता.

शाळा जवळ आली आणि हवालदार काठावर धावत आला. मतदान केंद्रापासून शंभर मीटरच्या आत चिन्ह आणायचं नाही, म्हणून त्यानं पाण्यातही बांबू रोवून ठेवला होता. शिट्टीला बंदी, म्हणून तो दोन्ही हात वर करून नुसत्या उड्या मारत होता. अनंतरावांनी बांबूपाशी शीड सोडलं. पाणी मांडीएवढं. शालूबाई लुगडं सावरत धपकन उतरली आणि "या गं उज्ज्वला!" म्हणत मागं न बघता पाणी कापत निघाली. दार बंद व्हायला थोडाच अवकाश होता. काठावरच्या माणसांनी तिला हात दिला आणि हवालदारासकट सगळी तिला शाळेकडं घेऊन पळाली.

उज्ज्वलेनं एक पाय पाण्यात टाकला. मग थांबली. मग तो पाय परत आत घेतला.

"फिरवा," ती म्हणाली.

"अगं, मत?"

"फिरवा म्हनते न्हवं. आता वारा पाठीवर हाय. सरळ जाईल न्हवं आता?"

आता अनंतरावांनी बायकोला समजवायला हवं होतं की नाही? हवं होतं. बहिणीचं दैव टांगणीला लागलेलं, घरातली दोन मतं हातात. पण त्यांनी सुकाणू दाबलं, शीड फुगलं, आणि ती दोघं उलटी निघाली. शाळेची घंटा झाली, दार लागलं, त्यांनी मागं वळूनही पाहिलं नाही. सूर्य तुंग किल्ल्याच्या आड जाईपर्यंत दोघं पाण्यावर होती, अगदी मधोमध.

घरी आल्यावर उज्ज्वला भानावर आली. आपल्या डाव्या हाताचं कोरं बोट तिनं पाहिलं. गावात उद्या प्रत्येक जण दुसऱ्याचं बोट बघणार. तिनं चुलीत बिब्बा तापवला, सुईनं स्वतःच्या नखाशी काळी रेघ ओढली आणि म्हणाली, "बोट आना हिकडं." सकाळपर्यंत दोघांची बोटं बिब्ब्यानं उतून भोपळी मिरचीएवढी झाली होती. पण काळी दिसत होती.

शालूबाईला वाटलं होतं, दोघं मागून रांगेत उभी राहिली असतील, आणि तिच्या बाजूच्या कुणालाही काही कळलं नाही. केंद्रात तिच्या बाजूनं यादी घेऊन विकास बसला होता, आणि त्यानं पायगुड्यांच्या नावांवर सकाळीच खुणा करून टाकल्या होत्या. घरचीच मतं, ती कुठं जातात! हौशीरामाचा माणूस मटण हाणून बाकावर पेंगत होता.

दुसऱ्या दिवशी मोजणी झाली. कपबशी आणि होडी, दोघांना सारखी मतं. बजरंगला दोन पडली, आणि ते दुसरं मत देणारा कोण, या विचारानं तो आजतागायत हैराण आहे. साहेबांनी चिठ्ठ्या टाकल्या, एका लहान मुलीनं एक उचलली. होडी निघाली. गुलाल उडाला.

उज्ज्वला त्या दिवशी जेवली नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. शालूबाई ओट्यावर बसून एकाच गोष्टीचा घोष करत होती, "एक मत! एक मत कुनी खाल्लं माजं?" आणि उज्ज्वला आत तोंडात पदर कोंबून. तिसऱ्या संध्याकाळी भाकरी थापता थापता तिनं न बघताच विचारलं, "आवो, तुमी गेला असता तर कुनाला दिलं असतं?"

अनंतरावांनी तिच्या पाठीकडं पाहिलं. खरं सांगावं तर कपबशीला. म्हणजे घरची दोन मतं, आणि आक्का आरामात निवडून आली असती. हे ऐकल्यावर ही बाई पुन्हा सुखाचा घास खाणार नव्हती.

"होडीला," ते म्हणाले.

उज्ज्वलेचा हात परातीतच थांबला. "सख्ख्या भैनीला सोडून?"

"हो. आता होडीवाल्यानं होडीला नाही द्यायचं तर कुणाला?"

"मंजी माजं कपबशीला, तुमचं होडीला." ती बोटांवर हिशोब करत होती, सुजलेल्या बोटासकट. "मंजी तरी बी सारखीच झाली असती."

"सारखीच."

मग तिनं दोन भाकरी खाल्ल्या, वर ताक प्यायली. अनंतरावांना वाटलं, सुटलो.

सुटतात कसले! मन हलकं झालेली बाई गप्प राहते होय? शालूबाई पुन्हा एक मत, एक मत करायला लागली तशी उज्ज्वला बोलून गेली, "इचारा तुमच्या भावाला, होडीवाल्यानं कुनाला द्यावं ते." बायकोसमोर अनंतरावांना नाही म्हणता येईना. शालूबाईनं अंगणात उभं राहून अनंतरावांचा असा उद्धार केला की गाय दावं तोडून पळाली. या जन्मी तुझं तोंड बघणार नाही, राखी तर विसरच, म्हणून ती गेली. आणि अर्ध्या तासानं हौशीराम आला. गळ्यात हार, हातात पेढे. "भाऊ, तुमचं उपकार फिटायचं न्हाईत. बहीण सोडली पर होडी सोडली न्हाई!" त्यानं अनंतरावांना हार घातला, पेढा तोंडात कोंबला आणि मिठी मारली. ज्या माणसानं मतच टाकलं नाही, त्याच्या एका मतावरून एका घरात सुतक आणि दुसऱ्या घरात दिवाळी.

त्या रात्रीपासून अनंतरावांचा जीव कशात लागेना. आईमागं त्यांना वाढवलं ते आक्कानं. तिच्या दारावरून जाताना ते मान खाली घालायचे. उज्ज्वलेला खरं सांगावं, तिला घेऊन आक्काकडं जावं, काय व्हायचं ते होऊ दे, असं त्यांनी पक्कं केलं. रविवारी सकाळी ते शब्द जुळवत पाण्यावर उतरले, तर उज्ज्वला आधीच होडीत. लुगडं खोचलेलं, शिडाचा दोर हातात, तोंड पुढं.

"आज त्या टोकापतूर जाऊ," ती म्हणाली. "आन् येताना वाऱ्याच्या तोंडावर. मला शिकवा."

अनंतराव गुडघाभर पाण्यात उभे राहिले. तोंड उघडलं होतं. खरं सांगितलं तर आक्का परत मिळेल, आणि ही इथून उतरून जी घरात शिरेल ती पुन्हा कधीही या होडीत पाय ठेवणार नाही.

"काय म्हनत होता?" उज्ज्वलेनं मागं वळून विचारलं.

"काही नाही," ते म्हणाले, आणि होडी लोटून आत चढले.